टुनीचा भाऊ

पहाटे चारला उत्तर सिक्कीममधल्या लाचेनच्या हॉटेलखाली गाडी लागली तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या हातात रुमालात बांधलेली कापराची वडी होती. गुरुडोंगमार तलावाला जाणाऱ्या मराठी माणसाची ही ओळखच आहे म्हणा ना, डोक्याला माकडटोपी, खिशात लाडूची पुडी आणि नाकाशी कापूर. मी केमिस्ट्री शिकवतो, ज्युनिअर कॉलेजला, सत्तावीस वर्षं झाली. त्यामुळे कापराने ऑक्सिजन वाढत नाही, नाकाला गार वाटतं आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो इतकंच, हे मी आदल्या रात्री जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, आणि सकाळी बायकोने न बोलता एक वडी माझ्याही हातात ठेवली होती, ती मी न बोलता घेतली.

थांगूला चहा-मॅगी झाली. ड्रायव्हरने पॉपकॉर्न घ्यायला लावले, वर त्रास होत नाही म्हणाला. यामागचं केमिस्ट्रीतलं कारण मला अजून सापडलेलं नाही, पण आम्ही पाच जणांनी तीन पाकिटं संपवली. मग झाडं संपली, गवत संपलं, आणि दोन तासांनी आम्ही पाच हजार मीटरच्या वर उभे होतो. नेमके किती ते विचारू नका, बोर्डावर एक आकडा, माझ्या मोबाईलमध्ये दुसरा आणि मेव्हण्याच्या घड्याळात तिसरा.

तलावाच्या पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटलं नाही. परत चढताना मात्र दहाव्या पायरीला मी कठडा धरून उभा राहिलो, डोक्यात कुणीतरी उखळात काहीतरी कुटतंय असं वाटत होतं, आणि सातत्याने पर्वती चढणारा, वर्षाला सहासात किल्ले करणारा मी, पुढच्या पायरीकडे नुसता बघत बसलो. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर चपला फटफटवत खाली आला (चपला! आमच्या पायात दोन-दोन मोज्यांवर ट्रेकिंगचे बूट), माझ्या खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग काही न विचारता काढून घेतली आणि "धीरे धीरे, सर, घोडा मत बनो" म्हणून पुढे चालायला लागला. मी त्याच्या टाचांकडे बघत बघत वर आलो. त्याचा नंबर मी तेव्हाच सेव्ह करून ठेवलाय, परत कुणी जाणार असेल तर द्यायला. "सिक्कीम ड्रायव्हर".

ही मे 2023 ची गोष्ट. पुण्यात परत आल्यावर मला एक खाज सुटली, तलावामागे जो पांढराशुभ्र राक्षस उभा होता तो कोण? कांगचेनजाओ, असं नाव निघालं, आणि त्याच्यावर 1912 मध्ये पहिल्यांदा कोण चढलं हे बघायला गेलो तर निघाला एक केमिस्ट्रीचा मास्तर! लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात मुलांना रसायनशास्त्र शिकवणारा. अलेक्झांडर केलस. (माझा मोबाईल दर वेळी त्याचं कैलास करतो, मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय, एका अर्थी बरोबरच आहे ते.)

आता हिमालयातल्या जुन्या मोहिमा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काय येतं, मॅलरी आणि अर्विन एव्हरेस्टवर ढगात दिसेनासे झाले ते, नाहीतर 1953 ला तेनसिंग कुऱ्हाड उंचावून उभा आहे तो फोटो. त्याआधीचा हा माणूस कुठेच नाही. 1868 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला जन्म. तरुणपणी विल्यम रॅमसे यांच्या लॅबमध्ये असिस्टंट होता. रॅमसे म्हणजे निऑन, आर्गॉनवाले, नोबेल मिळालेले, अकरावीच्या पुस्तकात असतात. तिथून शिकवायच्या नोकरीत आला आणि मग पस्तिशी उलटल्यावर, जेव्हा आपल्याकडे माणूस फ्लॅटच्या हप्त्यांचं गणित मांडत असतो, तेव्हा हा सुट्ट्या टाकून सिक्कीमला जायला लागला. 1907 ला पहिल्यांदा गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे स्विस गाईड घेऊन गेला. तेव्हाची पद्धतच तशी होती, आल्प्समधला गाईड सोबत असल्याशिवाय मोठ्या डोंगराला हात लावायचा नाही, जसं भटजींशिवाय पूजा नाही. पण त्या उंचीवर त्या गाईडांचं काही फारसं जमलं नाही. आणि जे लोक सामान वाहायला घेतले होते, दार्जिलिंगला मजुरी शोधत आलेले शेर्पा आणि तिबेटी, ते मजेत होते.

पुढच्या वेळेपासून केलसने गोरा सोबती जवळजवळ घेतलाच नाही. हे तुम्ही आज वाचताना काही विशेष वाटणार नाही, पण 1909-10 च्या काळात एक साहेब, एकटा, फक्त 'कुलीं'ना घेऊन (पुस्तकात शब्द तोच) सात हजार मीटरच्या शिखरांच्या बर्फात महिनोन्‌महिने राहतोय, त्यांना दोर आणि आईस-अ‍ॅक्स वापरायला शिकवतोय, आणि परत जाऊन लिहितोय की शेर्पांसारखी माणसं या कामाला दुसरी नाहीत, हे त्या काळाच्या गिर्यारोहण-क्लबांमधल्या लोकांना विचित्रच वाटलं असणार. शेर्पा म्हणजे हिमालयात चढणारा माणूस हे समीकरण आज शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, ते मांडायला सुरुवात करणाऱ्यांत हा मास्तर अगदी पुढे होता.

आणि मग येतो जून 1911. सिक्कीम आणि तिबेटच्या सीमेवर पाउहुनरी म्हणून शिखर आहे. केलस त्याच्यावर चढला, सोबत दोन शेर्पा. तिघंच. मी अर्थात लगेच त्या दोघांची नावं शोधायला गेलो.

एकाचं नाव "सोनी".

दुसऱ्याचं "टुनीचा भाऊ".

बस. एवढंच. मी चहा बाजूला ठेवून ते परत वाचलं. टुनीचा भाऊ! म्हणजे टुनी कुणीतरी ओळखीचा असणार, साहेबाच्या कामाला आधी आलेला असेल, आणि एका वर्षी तो म्हणाला असेल की माझ्या भावालाही घ्या, तर आला भाऊ. त्याची आई त्याला हाक मारताना 'टुनीचा भाऊ' म्हणत नसेल ना. आपल्याकडेही हे चालतंच, आमच्या जुन्या वाड्यात एक बाई पोळ्या करायला यायच्या, त्यांना सगळे 'मंदाची जाऊ' म्हणायचे, मंदाने काम सोडून पंधरा वर्षं झाली तरी. त्या वारल्या तेव्हा दाराबाहेर लावलेल्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं मी.

आता गंमत पुढे आहे. त्या काळच्या नकाशांत पाउहुनरीची उंची कमी लागलेली होती. त्यामुळे माणूस चढलेलं सगळ्यात उंच शिखर म्हणजे गढवालमधलं त्रिशूळ, 7120 मीटर, तिथे टॉम लाँगस्टाफ 1907 ला पोचला होता, असंच सगळे धरून चालले. केलसही. तो बिचारा घरी गेला, कॉलेज जॉईन केलं, टायट्रेशनचे पेपर तपासले. पुढे कित्येक दशकांनी पाउहुनरीची नवी मोजणी आली, 7128. आठ मीटर जास्त! म्हणजे दोन मजली बंगल्याएवढा फरक, पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. 1911 पासून 1928 ला पामीरमधल्या लेनिन शिखरावर जर्मन लोक चढेपर्यंत, सतरा वर्षं, तोवर माणूस चढलेल्या सगळ्यात उंच शिखरावर पाय ठेवलेली माणसं तीन होती, एक केमिस्ट्रीचा मास्तर, एक सोनी, आणि एक टुनीचा भाऊ. तिघांपैकी एकालाही ते जन्मात कळलं नाही.

याच्या बरोब्बर उलटी एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. 1860 साली सर्व्हे ऑफ इंडियाच्या एका खलाशाने हिमाचलमधल्या शिल्ला नावाच्या शिखरावर सर्व्हेचा खांब नेऊन रोवला. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे, सर्व्हेच्या तुकडीत सामान वाहणारा, दांडा धरून उभा राहणारा माणूस. साहेबांना दुर्बिणीतून नेम धरायला वर काहीतरी उभं दिसायला हवं म्हणून याने खांब खांद्यावर टाकला आणि वर गेला. तेव्हाच्या मोजणीत ती उंची सात हजार मीटरच्या वर आली, आणि मग कित्येक वर्षं पुस्तकांत हा जागतिक विक्रम म्हणून मिरवत होता, 'एक खलाशी' या नावाने. पुढे परत मोजलं तर शिल्ला निघालं साधारण सहा हजार शंभरच्या आसपास. गेला विक्रम. म्हणजे बघा, एकाला मोजणीच्या चुकीने विक्रम मिळाला आणि दुरुस्तीत गेला, दुसऱ्याचा चुकीने गेला आणि दुरुस्तीत मिळाला, आणि दोघांच्याही घरच्यांना या मोजणीची ना खबर ना सोयरसुतक. मला तर त्या खलाशाचं जास्त कौतुक वाटतं, त्याला शिखरबिखर काही नको होतं, त्याला खांब वर न्यायचा होता.

केलसचं खरं डोकं मात्र शिखरापेक्षा हवेत होतं. समुद्राकाठी काय आणि एव्हरेस्टवर काय, हवेत ऑक्सिजन तेवढाच, साधारण 21 टक्के. कमी होतो तो दाब. गुरुडोंगमारच्या उंचीवर तो जेमतेम निम्म्यावर येतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. (हे मी दरवर्षी शिकवतो. पण दहाव्या पायरीवर कठडा धरून उभं राहीपर्यंत मला ते कळलेलं नव्हतं, हे इथे कबूल करतो.) त्या एक तृतीयांशात माणूस जगेल का, चालेल का, तासाला किती फूट चढेल, याचं गणित केलसने 1920 च्या सुमारास मांडून ठेवलं, आणि त्याचा निष्कर्ष होता की शरीर-मन उत्तम असलेला, चांगला तयारीचा माणूस वरून ऑक्सिजन न घेता एव्हरेस्ट चढू शकेल, वाट फार अवघड नसली तर. त्याचा मूळ इंग्रजी लेख छापून आला कधी, तर 2001 मध्ये! तोवर मेसनर आणि हाबेलरने 8 मे 1978 ला ते करून दाखवून तेवीस वर्षं झाली होती.

पण मास्तर असल्यामुळे एकाच उत्तरावर थांबला नाही. 1920 ला तो हेन्री मॉर्सहेडबरोबर गढवालमधल्या कामेटवर ऑक्सिजनचे सिलेंडर घेऊन गेला, चालतात का बघायला. निष्कर्ष, फार जड. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिसरा मजला, गॅसचा भरलेला सिलेंडर तीसेक किलोचा असतो, तो घेऊन येणारा माणूस दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकदा थांबतो, खांदा बदलतो, मग येतो. कामेटवर ते वळण कुठे असेल?

1921 ला इंग्रजांची एव्हरेस्टची पहिली मोहीम निघाली, चढाईची कमी आणि वाट शोधायची जास्त. केलसला बोलावणं आलं, येणारच, त्या भागातल्या हवेची आणि माणसांची एवढी माहिती दुसऱ्या कुणाला होती? पण तो त्या वसंतात आधीच सिक्कीमच्या बर्फात राबून आला होता, विश्रांती न घेताच तिबेटच्या पठारावर निघाला. पोट बिघडलं. एवढं की चालवेना, घोड्यावर बसवेना, मग डोलीसारखं करून उचलून न्यायला लागले. त्या मोहिमेत असलेल्या मॅलरीने पत्रात लिहिलंय की त्याला वारंवार आडोशाला जावं लागे आणि त्या अवस्थेत कुणी पाहू नये म्हणून तो बाकी सगळ्यांना पुढे जायला लावी. मला हे वाचवत नाही. आयुष्यभर मागून चालणाऱ्या लोकांबरोबर राहिलेला माणूस शेवटी मागेच राहिला आणि 5 जूनला खाम्पा झोंगच्या अलीकडे खिंडीत गेला. त्रेपन्न पूर्ण व्हायला सोळा दिवस कमी. त्या वेळी जवळ होते ते त्याला उचलणारे लोक, मोहिमेतला एकही साहेब नाही.

पुरलं खाम्पा झोंगलाच, एका उतारावर, जिथून दक्षिणेला त्याची पाउहुनरी, कांगचेनजाओ, चोमिओमो ही शिखरं दिसतात. मोहिमेचा प्रमुख हॉवर्ड-बरी बायबलमधला उतारा वाचत होता आणि केलसने स्वतः तयार केलेली चार पोरं शेजारच्या एका मोठ्या दगडावर बसून हे सगळं बघत होती, हेही मॅलरीनेच लिहून ठेवलंय. त्या चौघांत दहा वर्षांपूर्वीचा टुनीचा भाऊ होता का, हा माझा खुळा प्रश्न. दहा वर्षं म्हणजे काही फार नाहीत.

आता पुढचं वाचताना मी खुर्चीतून उठलोच. कारण पुढच्या वर्षी, 1922 ला, एव्हरेस्टच्या दुसऱ्या मोहिमेत ऑक्सिजनचं काम ज्याने अंगावर घेतलं तोही केमिस्टच, जॉर्ज इंगल फिंच, जन्माने ऑस्ट्रेलियन, आणि हा फिंच 1952 ते 57 आमच्या पुण्यात होता! पाषाण रोडच्या एनसीएलचा, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा डायरेक्टर! मी पीएचडीचा (अर्धवट सुटलेल्या, तो विषय नको) अर्ज घेऊन ज्या गेटातून आत गेलो होतो त्याच गेटातून हा माणूस रोज ऑफिसला जात असणार, म्हणजे तेनसिंग आणि हिलरी 29 मे 1953 ला ऑक्सिजनच्या नळकांड्या पाठीवर घेऊन वर पोचले तेव्हा, ज्याने त्या नळकांड्यांसाठी तीस वर्षांपूर्वी अख्ख्या अल्पाइन क्लबशी भांडण घेतलं होतं तो पुण्यात नोकरीला होता. मी एनसीएलमधल्या दोन मित्रांना फोन केले, दोघांनाही डायरेक्टर म्हणून नाव माहीत, एव्हरेस्टचं नाही.

फिंचचा सेट साधारण चौदा-पंधरा किलोचा, पाठीवर चार स्टीलच्या नळ्या. बाकीच्यांना ते खिलाडूपणाला धरून वाटत नव्हतं. शिवाय त्याने बलूनच्या कापडात पिसं भरून एक जाड कोट शिवून घेतला होता, त्यालाही लोक हसले, पुढे थंडीत हसायचे थांबले. आज प्रत्येक ट्रेकरच्या अंगात त्याच कोटाचे नातू-पणतू आहेत. तर फिंच, जेफ्री ब्रूस आणि तेजबीर नावाचा गुरखा जवान, असे तिघं साधारण 7800 मीटरवर एका छोट्या तंबूत वादळात अडकले. एक रात्र, मग दिवसभर वारा. खायचं संपत आलेलं, तंबू उडू नये म्हणून जमिनीवर दाबून धरायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आवाज आले. खालच्या नॉर्थ कोल नावाच्या खिंडीतून काही पोर्टर सात-आठशे मीटर चढून वर आले होते, गरम चहाचे आणि सूपचे थर्मास घेऊन. दिले आणि अंधार पडत असताना परत खाली निघाले.

त्या चहाच्या, आणि रात्री आळीपाळीने ओढलेल्या ऑक्सिजनच्या जोरावर फिंच आणि ब्रूस दुसऱ्या दिवशी, 27 मेला, साधारण 8300 मीटरपर्यंत गेले, तोवर पायी कुणीच तेवढं उंच गेलं नव्हतं. तेजबीर जादाचे सिलेंडर घेऊन जमेल तिथवर गेला आणि कोसळला. फिंचला 1924 च्या मोहिमेला घेतलं नाही, फोटो आणि भाषणांच्या पैशांवरून वाद झाले, आणि तो त्यांच्यातला नव्हता हेही होतंच. पण मी आपला थर्मासवर अडकलोय. वादळातून, त्या उंचीवर, चहा. घरी पाहुण्यांना चहा देताना ट्रे तिरका झाला तरी आपण ओरडतो.

मग 7 जून 1922. तिसऱ्या प्रयत्नात नॉर्थ कोलच्या उतारावर ताज्या बर्फाचा थर सुटला आणि सात पोर्टर गेले. दोरावरच्या इंग्रजांपैकी कुणालाही काही झालं नाही. त्यातल्या डॉक्टर सॉमरवेलला ते आयुष्यभर खात राहिलं, आमच्यातला एक तरी त्यांच्याबरोबर का गेला नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. तो पुढे भारतातच राहिला, त्रावणकोरमधल्या नेय्यूरला मिशनच्या हॉस्पिटलात कित्येक वर्षं ऑपरेशनं केली. त्याचा आणि याचा संबंध मी जोडणार नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

हे सगळं वाचून झाल्यावर मी स्वतःचे हिशोब काढत बसलो. सह्याद्रीत तीस वर्षं फिरतोय, दर ट्रेकला गावातला कुणीतरी वाटाड्या घेतो आणि त्याला 'मामा' म्हणतो. रतनगडाचे मामा, भैरवगडाचे मामा, नाणेघाटात रात्री कंदील घेऊन आलेले मामा. माझ्या ट्रेकच्या वह्यांत तारखा आहेत, बसचं तिकीट आहे, कुठे किती वाजता पोचलो ते आहे, एकदा तर डब्यात काय होतं तेही लिहिलंय, आणि माणूस मात्र सगळीकडे 'मामा'. प्रेमानेच म्हणतो हो. केलसही काही रागाने 'टुनीचा भाऊ' लिहीत नसेल.

4 ऑक्टोबर 2023 ला सकाळी बातम्या लागल्या. उत्तर सिक्कीममधला साऊथ ल्होनाक तलाव रात्री फुटला, तिस्तेला लोंढा आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, लाचेनचा रस्ता तुटला. ल्होनाक म्हणजे केलसच्याच वाटांवरचा मुलूख. बायको म्हणाली, अरे तो आपला ड्रायव्हर? मी फोन लावला, बंद. परत लावला, बंद. आमच्या टूरवाल्याला लावला, तो म्हणाला सर तिकडे आमचे वीस-पंचवीस ड्रायव्हर आहेत, नाव सांगा ना.

मी फोन हातात घेऊन गप्प बसलो. चपला घालणारा, असं सांगू? पॉपकॉर्न खायला लावणारा?

व्हॉट्सअ‍ॅपवर "दादा, सब ठीक?" पाठवून ठेवलं. एक टिक. अकरा दिवस एक टिक. डीपीवर शाळेच्या युनिफॉर्ममधली छोटी मुलगी, दोन वेण्या घातलेली, तिच्याकडे रोज बघायचो. बाराव्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना खिशात फोन थरथरला, दोन टिका निळ्या, आणि खाली एक अंगठा. नुसता अंगठा.

मुलं ब्युरेट भरत होती, मी खिडकीशी जाऊन घाईघाईने टाईप केलं, "बहुत अच्छा लगा. आपका पूरा नाम क्या है?"

थोडा वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

"रोड बंद है सर. खुलेगा तो बताऊंगा. कितने लोग आओगे?"